मास्तरीण एक वाजता जेवते

त्या बुधवारी आकाश सकाळपासून पांढरंफटक होतं. सूर्य नेमका कुठे आहे ते कळत नव्हतं, पण डोळे मात्र बारीक करावे लागत होते. कडक ऊन असतं तर सावली तरी शोधता आली असती. हा उजेड चहूकडून यायचा, रस्त्यातून, भिंतीतून, उभ्या गाड्यांच्या काचांतून, आणि मास्तरणीच्या डाव्या भुवईच्या मुळाशी जाऊन बसायचा. घरातून निघतानाच तिला कळलं, आजचा दिवस सांभाळून काढायचा.

तिनं कुठल्या शाळेत कधी शिकवलेलं नव्हतं. पडद्यांच्या कारखान्यात ती कापड कापायची, कापणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत, आणि हा मास्तर बाई निघाला म्हणून मास्तरीण. एकवीस वर्षं ती त्या लांबलचक टेबलामागे उभी होती. टेबलाच्या कडेला तिच्या पोटाच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालं होतं.

आल्याआल्या तिनं टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्या. खडूचे तुकडे डबीत भरले, मोठी कात्री दगडावर दोनदा ओढली. मग मखमलीचा तागा आणवला. गडद मरून रंगाची, जड, दोघांनी उचलावी लागणारी मखमल. नाट्यगृहाच्या रंगमंचाचा पडदा होता. पाच-पाच मीटरचे बारा पट्टे कापायचे, शेजारीशेजारी शिवायचे, वर चुण्या, खाली दुमडीत वजनाची साखळी. शनिवारी संध्याकाळी न्यायला माणसं येणार होती.

मखमल कापणं म्हणजे चादर फाडणं नव्हे. तिला लव असते. एका बाजूनं हात फिरवला तर हात घसरतो, उलट्या बाजूनं फिरवला तर ती अंगावर येते. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला लागते, नाहीतर एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं. मास्तरीण डोळे मिटून तळवा फिरवायची, आणि कापलेल्या प्रत्येक पट्ट्याच्या मागे खडूनं एक बाण ओढायची. लव वर, बाण वर. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिची ती रीत होती.

कारखान्याचीही एक रीत होती. तागा उघडला की संपेपर्यंत मास्तरनं टेबल सोडायचं नाही. ना जेवायला, ना पाण्याला. मालकाच्या वडिलांनी घातलेला हा नियम. म्हातारा स्वतः कापायला उभा राहायचा आणि एकदा उभा राहिला की संध्याकाळपर्यंत खांबासारखा असायचा, असं मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. म्हातारा पंचावन्नाव्या वर्षी त्याच टेबलाशी चक्कर येऊन पडला आणि पुन्हा उठला नाही, एवढं सांगायचं राहून जायचं.

आणि मास्तरणीला अर्धशिशी होती.

ती तिला पोरगेलेपणापासून होती. आधी महिन्यातून एकदा यायची, मग दोनदा, मग पाहुण्यानं मुक्कामच ठोकावा तशी. डाव्या बाजूला कुणीतरी आतून खिळा ठोकतंय, पोटात ढवळतंय, आवाज लागला तर तोही टोचतोय. ह्या दुखण्याचा एक मोठा दोष म्हणजे ते दिसत नाही. हात मोडला असता तर लोकांनी खुर्ची दिली असती. डोकं दुखतंय म्हटल्यावर लोक सल्ला देतात.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शिलाईवरची मावशी म्हणायची, कपाळावर लिंबाची फोड घास. मालकीणबाई म्हणायच्या, पुदिन्याचं तेल लाव, आणि तेलाची बाटली उघडूनच समोर यायच्या. त्या वासानं मास्तरणीला उलटी व्हायची. मालकाचा मेव्हणा नाकाशी कसला तरी झणझणीत बाम धरायचा आणि म्हणायचा, "ताई, माझ्या मित्राचं दोन दिवसांत गेलं." मास्तरीण विचारायची, "डोकं की मित्र?" नवरा म्हणायचा, टेन्शन घेऊ नकोस. जणू टेन्शन ही दुकानात मांडून ठेवलेली वस्तू आहे आणि ही रोज पिशवी भरून घेऊन येते.

गोळ्या तिनं खाल्ल्या होत्या, शेंगदाण्यांसारख्या. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून झापलं. "रोजच्यारोज गोळी घेतली तर गोळीच डोकं दुखवायला लागते. अगदीच सोसेना तेव्हा घ्या, आणि मोजून घ्या. पण आधी मला सांगा, कधी दुखतं?"

"कधीही."

"कधीही असं काही नसतं. लिहून आणा."

तिनं लिहिलं. ताग्याच्या आत जो पुठ्ठा असतो त्यावर, कापडावर खुणा करायच्या पेन्सिलीनं. किती वाजता झोपले, किती वाजता जेवले, पाणी किती, वास कुठला, उजेड कसा. अकरा आठवडे लिहिलं. पुठ्ठा भरला तेव्हा ती तो मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वेळा डोकं उठलं होतं. त्यातल्या नऊ वेळा ती दुपारी तीननंतर जेवली होती. तीन वेळा तेलाचा किंवा बामाचा वास होता. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी टेबलाच्या डोक्यावरची दिव्याची ट्यूब फडफडत होती, जी कित्येक वर्षं तशीच होती आणि जी बदलायला मालकाला मुहूर्त सापडत नव्हता.

म्हणजे एकवीस वर्षं तिच्या डोक्यात जो खिळा ठोकला जात होता, तो ठोकणारे हात तिच्या समोरच होते. नशीब नव्हतं, पाप नव्हतं, बाईच्या जातीचं नाजूकपण नव्हतं. जेवणाची वेळ होती आणि एक ट्यूब होती.

घरापुरतं तिनं स्वतःच ठरवलं. झोप ठरलेल्या वेळेला, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सकाळी उपाशी निघायचं नाही. पाण्याची बाटली जवळ. चाहूल लागली की अंधार, कपाळावर गार पट्टी, पाय कोमट पाण्यात, घोटघोट आल्याचं पाणी. जादू झाली नाही. पण आठवड्याला येणारं दुखणं पंधरा दिवसांनी यायला लागलं, आणि आलं तरी तासादोन तासांत पाय काढता घ्यायला लागलं.

कारखान्यापुरतं मात्र तिला मालकाकडे जावं लागलं. तिनं तीन गोष्टी मागितल्या. एक वाजता जेवण, नवी ट्यूब, आणि डोकं उठलंच तर मागच्या कोठारात तासभर पडायला जागा. मालक पुठ्ठ्याकडे बघून हसला.

"मास्तरीणबाई, अहो तुम्ही तर हिशेबनीस झालात. डोकेदुखीची वही!" आणि मग हसू पुसून, "पुन्हा मध्येच आडव्या झालात तर टेबल मेव्हण्याकडे जाईल. तुम्ही खाली बसून पडद्यांना कड्या लावा. आराम पडेल."

खूश असला की तो अहो म्हणायचा आणि रागावला की अगं. हे त्यानं अहो म्हणूनच सांगितलं, म्हणून ते जास्त झोंबलं. एकवीस वर्षांचं टेबल, आणि त्यापुढे पितळी कड्या टाचत बसायचं.

तर त्या बुधवारी चार पट्टे कापून झाले तेव्हा घड्याळात सव्वा वाजला होता. मास्तरणीनं खडू खाली ठेवला.

"मालक, मी जेवून येते. दहा मिनिटं."

"तागा उघडलाय," मालक फोनमधून मान वर न करता म्हणाला.

दीड वाजला. पावणेदोन वाजले. ट्यूब फडफडत होती, बाहेरचा पांढरा उजेड खिडकीतून टेबलावर सांडत होता. पाचव्या पट्ट्याची रेघ ओढता ओढता तिला दिसलं की रेघ मध्येच संपते आहे. तिनं डोकं हलवलं. रेघ होती तिथेच होती, तिलाच अर्धी दिसत होती. उजव्या कोपऱ्यात काचेच्या तुकड्यांची एक वाकडीतिकडी माळ चमकायला लागली आणि हळूहळू मोठी होत टेबलावर पसरली. हे तिच्या ओळखीचं होतं. अर्ध्या तासात खिळा येणार.

तिनं कात्री बंद केली आणि टेबलावर आडवी ठेवली.

"काय झालं?" मालक.

"मला रेघ दिसत नाही. न दिसणाऱ्या रेघेवर मी मखमल कापणार नाही."

"परवा शिलाई संपली पाहिजे!"

"म्हणूनच म्हणते, आता कापणार नाही."

"अगं, दुनियेची डोकी दुखतात! सगळे काय आडवे होतात?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर ओकारी आली असती. ती बाटली आणि ओलं फडकं घेऊन कोठारात गेली, दार ओढून घेतलं आणि रिकाम्या पोत्यांवर पडली. दारापलीकडून मालकाचा आवाज आला, "मेव्हणे, या. दाखवा हिला." मग कटिंग मशीनची घरघर सुरू झाली. प्रत्येक घरघर तिच्या डोळ्यामागून जात होती. तिला उठून ओरडायचं होतं की मखमलीला ते मशीन लावू नका, पण अंग उचललं जात नव्हतं. राग होता आणि रागाला हातपाय नव्हते. याहून वाईट काही नसतं.

दोन तासांनी ती बाहेर आली तेव्हा टेबल रिकामं होतं. पट्टे शिलाईला गेलेले. मेव्हणा खुर्चीत बसून चहा पीत होता.

"ताई, आठच्या आठ," तो म्हणाला. "पाऊण तासात. डबल करून कापले."

"डबल म्हणजे कसं? लव बघितलीत का?"

"मखमल ती मखमल."

ती शिलाईकडे जायला निघाली, तर मालकानं हात आडवा केला. त्याच्या हातात कड्यांचा डबा होता.

"खाली बस. उद्यापासून हेच."

घरी सासूनं तिचा चेहरा बघितला आणि ताट पुढे सरकवत तोंड सोडलं. "आमची डोकी दगडाची होती जशी. मलाही उठायचं हे. कपाळाला फडकं आवळायचं आणि चुलीपुढे उभं राहायचं. चाळीस वर्षांत मी एकदा आडवी झाले नाही."

एरवी मास्तरीण गप्प बसायची. त्या दिवशी तिच्यात जागा उरली नव्हती.

"मग काय मिळालं, आई? उभ्या राहिलात त्याचं कुणी काय दिलं तुम्हाला?"

नवऱ्यानं पेपर खाली केला.

"काही नाही," सासू म्हणाली. "कुणाला माहीतसुद्धा नव्हतं."

मग तिनं उठून खिडकीचा पडदा ओढला, आणि जाताजाता लेकाला म्हणाली, "दिवा बंद कर तो. पेपर उद्याही असेल."

गुरुवार कड्या लावण्यात गेला. मास्तरीण जमिनीवर बसून एकेक कडी टाचत होती आणि प्रत्येक टाक्याला मनात एक शिवी घालत होती. तिच्या टेबलावर मेव्हणा डब्याचं झाकण ठेवून केळं खात होता. लाकडावर केळ्याची साल! तिनं नजर वळवली.

शुक्रवारी सकाळी अकराला पडदा तपासायला टांगला. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर त्यासाठी उंच दांडी होती. चार माणसांनी मिळून तो चढवला, मालकानं दोरी ओढली, पडदा उलगडला आणि कारखान्यातली मशीनं एकामागून एक थांबली.

पडदा पट्ट्यापट्ट्यांचा झाला होता. बारातले आठ गडद मरून, आणि मधेमधे चार फिकट, चंदेरी छटा मारणारे, जणू ऊन लागून विटलेले. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मेव्हण्यानं घाईघाईत ताग्याचं कापड मधून दुमडून दोन पदर एकावर एक टाकले होते आणि दोन्ही एकदम कापले होते. दुमडल्यावर वरच्या पदराची लव उलटी फिरते, हे कापड कापणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळतं. ज्याला टेबल नुसतंच मिळतं त्याला कधीच कळत नाही.

मालकाचा चेहरा पडद्याहून लाल झाला. आणि तो वळला तो मास्तरणीकडे.

"हे तुझं डोकं! भलतं सलतं कापून ठेवलंस आणि जाऊन झोपलीस! मी आधीच सांगत होतो, हिला टेबल झेपत नाही!"

मास्तरीण उठली. मांडीवरच्या कड्या खळखळत जमिनीवर सांडल्या. त्या तिनं उचलल्या नाहीत. ती थेट पडद्यापाशी गेली, खालची कड धरली आणि पडद्याची पाठ सगळ्यांकडे फिरवली.

"हा बाण. हा बाण. हा. आणि हा. चार. माझे चार. मोजा." तिचा आवाज चढत नव्हता, पण त्याला धार आली होती. "बाकीच्या आठांवर बाण शोधून दाखवा. माझं डोकं दुखत होतं म्हणून मी कात्री खाली ठेवली. ज्याचं दुखत नव्हतं त्यानं हे केलंय."

मेव्हणा म्हणाला, "कापडच खराब असेल."

"कापड खराब नाही," कोपऱ्यातून मावशी बोलली. ती मशीनवरून उठली नव्हती. "शिवताना माझ्या हाताला उलटं लागत होतं. मला वाटलं होतं."

मास्तरीण गर्रकन वळली. "वाटलं होतं? मग बोलला का नाहीत, मावशी?"

"मी कशाला मध्ये पडू, बाई."

"लिंबाच्या फोडी सांगायला मध्ये पडता!"

कुणीतरी खुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मावशीनं मान खाली घातली. मालक दोरी हातात धरून उभाच होता. ती बांधायची की सोडायची हे त्याला सुचत नव्हतं. उद्या संध्याकाळी माणसं येणार. नवी मखमल आणायची तर रंगाची छटा जुळायची नाही, आणि जुळली तरी आठवडा जाईल.

"आता काय?" तो म्हणाला. हे तो अहोही म्हणाला नाही आणि अगंही नाही.

उपाय तिला पडदा उलगडला त्याच क्षणी दिसला होता. पट्टे सरळ आयताकृती होते. ते चार उसवायचे, उलटे उभे करायचे, खालचं वर, आणि पुन्हा शिवायचे. लव आपोआप बाकीच्यांसारखी होणार. वरच्या चुण्या, खालची साखळी, दोन्ही बाजूंच्या शिलाया, सगळं उसवावं लागणार होतं, पण दीड दिवसात होण्यासारखं होतं. मात्र सांभाळून. मखमलीत ब्लेड इकडचं तिकडे झालं की भोक कायमचं.

तिनं हे सांगितलं. मालकाच्या खांद्यांतून हवा गेल्यासारखी झाली.

"मग घ्या की करायला! बघत काय बसलात सगळे?"

मास्तरीण हलली नाही.

"आधी ट्यूब."

"अहो, ट्यूब काय, सोमवारी आणतो—"

"ही फडफडणारी ट्यूब असताना मी मखमलीला ब्लेड लावणार नाही. एकदा सांगून झालंय."

तिनं स्टूल ओढलं. मालक "अहो अहो" म्हणेपर्यंत ती बटण बंद करून स्टुलावर चढली होती. ट्यूब फिरवली, काढली आणि खाली उतरून मेव्हण्याच्या हातात दिली. हात भरलेला असला की माणूस बाम काढत नाही.

"आणि कोठारातली पोती मी घडी घालून ठेवणार आहे. ती कुणी हलवायची नाहीत. आणि एक वाजता मी जेवणार. तागा उघडलेला असो, नाट्यगृह पेटलेलं असो. मी तुमचे वडील नाही, मालक. मला या टेबलाशी पडायचं नाही."

वडिलांचं नाव असं कुणी काढलं नव्हतं. मालकानं पडद्याकडे बघितलं.

"बघू," तो म्हणाला.

"बघू नका. हो म्हणा."

"बरं, बरं. हो."

माफी कुणी मागितली नाही. मालक ट्यूब आणायला दुसऱ्या कुणाला न पाठवता स्वतःच बाहेर पडला, त्याला तिथून निघायचंच होतं. पडदा खाली उतरवून टेबलावर पसरला. मास्तरणीनं आधी केळ्याचा चिकट डाग ओल्या फडक्यानं घासून काढला, मग कोरड्या. फिकट चारही पट्ट्यांच्या मागे तिनं खडूनं बाण ओढले, खालच्या बाजूला तोंड केलेले, म्हणजे कुठलं टोक फिरवायचं ते कुणालाही कळावं. मावशी न बोलावता येऊन समोर बसली आणि साखळीची शिलाई उसवायला लागली. मास्तरणीचा राग गेलेला नव्हता. तो मावशीवरही होता, मेव्हण्यावरही होता, आणि सगळ्यात जास्त त्या एकवीस वर्षांवर होता, ज्यांतल्या अर्ध्या दुपारी तिनं उगाचच डोकं धरून काढल्या होत्या. तो एका ट्यूबनं फिटणार नव्हता. पुठ्ठ्यावर अजून एका ओळीची जागा होती. बुधवारची ती ओळ तिनं लिहून टाकली. जेवण नाही, ट्यूब, पांढरं आकाश.

पुढेही डोकं उठणार होतं. आकाशावर तिचा हुकूम चालत नव्हता. पण आकाशाचं आकाशानं बघावं. ट्यूबचा दोष आकाशावर घालणाऱ्यांशी तिचं भांडण होतं.

नवी ट्यूब लागली तेव्हा उजेड न हलता टेबलावर पडून राहिला. तिनं ब्लेड उचललं. घड्याळात एक वाजला तेव्हा दुसऱ्या पट्ट्याची चुणी अर्धी उसवून झाली होती, अजून वीतभर टाके बाकी होते. मावशीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मास्तरणीनं ब्लेड पुठ्ठ्यावर ठेवलं, हात धुतले आणि डबा उघडला. सासूनं त्यात दोन पोळ्या जास्त घातल्या होत्या. तिनं एक उचलून टेबलापलीकडे मावशीसमोर धरली.

दहा मिनिटांत डबा धुऊन पालथा घालून झाला. तिनं बोटं कोरडी पुसली, पुन्हा एकदा पुसली, मखमलीला पाण्याचा थेंब चालत नाही, आणि राहिलेल्या वीतभर टाक्यांत ब्लेडचं टोक घातलं.